साकेनचा वाटा

अल्माटी, २० सप्टेंबर

साकेन,

सलाम घेणार असशील तर घे, नाहीतर सरळ सफरचंदांकडे वळ. अस्तानाच्या गाडीत आठव्या डब्याची देखरेख करणारी जी जाडजूड बाई आहे, तिच्याकडे पेटी दिली आहे. झादिराला स्टेशनवर पाठव. नवरा मोठा साहेब झाला तरी बायकोला पेटी उचलता येते.

माझा फोन तू उचलत नाहीस. ऑफिसातून काही कळवलं तर तक्त्यांपुरतं उत्तर देतोस, तेही "आदरणीय सहकारी" असं लिहून. म्हणून आता ठरवलंय, तक्ते यंत्रावरून आणि घरचं हाताने, गाडीबरोबर. आपल्या दोघांच्या साहेबांनी आपल्याला एकाच गाड्याला जुंपलंय, त्याला मी काय करू? अस्ताना, अल्माटी आणि ताश्कंद या तिघांत जगातलं मोठं शहर आधी कोण होणार, याची तुलना. अस्तानाकडून तू लिहिणार, अल्माटीकडून मी. भाऊबहीण आहोत हे त्यांना माहीत नसावं, नाहीतर एवढा धोका कुणी पत्करला नसता.

सफरचंदं अपाने निवडली आहेत. एकेक हातात धरून, कानाशी वाजवून. आईचं वय झालं की ती सफरचंदाशीही बोलते. "हे साकेनला," "हे नको, हे आतून रुसलंय," असं दिवसभर चाललं होतं. मी म्हटलं, "अपा, तो तिथे दुकानातलं चकचकीत खातो." तर म्हणाली, "म्हणूनच तसा बोलायला लागलाय."

एवढंच बोलली ती तुझ्याविषयी. वसंतात सभागृहात जे झालं त्याबद्दल अजूनही तिने तुला एका शब्दाने नावं ठेवलेली नाहीत. ते काम माझ्याकडे आहे. अस्तानाहून येऊन तू पडद्यावर आपल्या अल्माटीचा नकाशा दाखवत होतास. शहराचं 'पूर्वद्वार', काचेचे मनोरे, विमानतळाचा रस्ता. आणि त्या सगळ्याखाली आपली बागेची गल्ली करड्या रंगात, नाव 'राखीव क्षेत्र'. अपा मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, मुलगा बोलणार म्हणून नवा रुमाल बांधून आली होती. तिने हात वर केला. "बाळा, त्या करड्या रंगात घरं आहेत की नाहीत?" आणि तू माइककडे तोंड करून म्हणालास, "आदरणीय नागरिक, आपला प्रश्न नोंदवून घेतला आहे."

घरी आलास तेव्हा तिने तुझा वाटा शिजवून समोर ठेवला. गेल्या हिवाळ्यात घोडा कापला तेव्हापासून राखलेला, फासळीचं मांस आतड्यात भरून केलेलं काझी आणि कमरेचं हाड. तू म्हणालास, विमान आहे. ताटाला हातही न लावता उठलास. साकेन, आपल्यात माणूस भांडतो, वेगळा होतो, कोर्टात जातो, पण राखून ठेवलेला वाटा टाकून उठत नाही. अपाने ताट झाकलं आणि म्हणाली, "मला आदरणीय म्हणाला बघ सगळ्यांसमोर."

त्या वाट्यातलं एक काझी तिने कच्चंच मागे ठेवलं होतं, ते अजून फ्रीझरमध्ये आहे. मला हात लावू देत नाही. तू येऊन खाल्ल्याशिवाय ते संपणार नाही, असं तिचं म्हणणं. ये आणि खाऊन जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

कुल्याश

अल्माटी, २ नोव्हेंबर

साकेन,

लाल शाईने रंगवून परत पाठवलेला मसुदा मिळाला. शाळेत माझी वही तू अशी रंगवली असतीस तर अपाने तुझे कान उपटले असते.

मी काय लिहिलं होतं? की दुबईकडे आधी धक्का होता, व्यापारी होते, बोटी होत्या. मनोरे नंतर आले. सिंगापूरने आधी माणसांना घरं दिली, मग जगाला बोलावलं. आणि आपण तिघंही मनोऱ्यापासून सुरुवात करतोय. अस्ताना पश्चिमेकडच्या तेलावर जेवते. तेल उतरलं की गवताळ रानात काचा तेवढ्या उरतील. ताश्कंदकडे माणसं आहेत, बाजार आहे, जमिनीखालची गाडी आहे, पण बाहेरचा माणूस पैसा आत आणायला भितो, कारण तो परत नेता येईल की नाही याची खात्री नाही. अल्माटीकडे बँका आहेत, विद्यार्थी आहेत, डोंगर आहेत आणि हिवाळाभर डोक्यावर धुराचं झाकण आहे. यात चूक काय? तू समासात लिहिलंस, "सूर निराशेचा." सुराचा तक्ता कुठल्या पानावर आहे ते कळव, भरून देते.

बाकी सगळं तू सांगशील तसं बदलते. हवेची ओळ मात्र राहू दे. तिन्ही शहरांची हिवाळ्यातली हवा, एक साधी ओळ. तू म्हणतोस, तिच्यामुळे अल्माटी खाली घसरते, आणि ती घसरली की सगळ्या देशाचं चित्र बिघडतं, म्हणून ती परिशिष्टात टाकावी. परिशिष्ट कोण वाचतं, साकेन? तूही वाचत नाहीस.

आपल्या गल्लीत गॅसची नळी येणार होती, ती वळणावरच थांबली. मी नगरपालिकेत विचारायला गेले तर तिथला पोरगेलासा अधिकारी नकाशा दाखवून म्हणाला, "ताई, ही गल्ली राखीव आहे. जी पाडायची तिला नळी कशाला?" त्याचंही बरोबरच आहे. तू करडा रंग दिलास, त्याने तो वाचला. म्हणून यंदाही अंगणात कोळशाचा ढीग पडलाय आणि अपा सकाळी उठून स्वतः भट्टी पेटवते. मला करू देत नाही. तू भिंतीआड मनोरे मोजतोस, ती निखारे हलवते आणि खोकते.

समोरचे झेकेन आजोबा गेले. त्यांचा मुलगा कारागांदाला होता. त्याला आपल्या रीतीप्रमाणे कळवलं, की वडिलांना जरा बरं नाही, येऊन जा. तो बिचारा वाटेत औषधं घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी वडीलधारी माणसं ओळीने उभी दिसली तेव्हा समजला, आणि पिशवी तिथेच टाकून बसला. आपले बाबा गेले तेव्हा तुलाही मॉस्कोहून असंच बोलावलं होतं. "किंचित ताप आहे." फलाटावर आपले चुलतकाका, ओराझबाय कोके उभे होते. मरणाची बातमी फोनवर नाही, कागदावर नाही, माणसाने माणसाजवळ बसून ऐकवायची. रीत चांगली आहे, पण अपा त्या दिवशी म्हणाली, "मला खरंच ताप आला तर कुणाचा विश्वास बसायचा?" आम्ही दोघी हसलो.

कु.

अल्माटी, १४ डिसेंबर

साकेन,

यंदाचा घोडा ओराझबाय कोकेंच्या अंगणात कापला. कोके आता वाकले आहेत. बाबांचे चुलतभाऊ म्हणून घरातला शेवटचा पांढऱ्या दाढीचा माणूस तेच, आणि ते ती जागा सोडायला तयार नाहीत. हातात काठी घेऊन सगळ्यांना हुकूम सोडत होते. मांस वाटताना तुझं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "सागिंदिकचा वाटा काढायचा का? गेल्या वर्षीचाच पडलाय म्हणे." अपा शालीत गुंडाळून बाकावर बसली होती. "काढा," म्हणाली. "दोन खाईल."

ती आता अंथरुणालाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती जुनी झालीय, हवा बदला. मी विचारलं, कुठे नेऊ? "वर डोंगरात न्या, धुराच्या वर." वर डोंगरात आता हॉटेलं आहेत. तिथली एक खोली तुझ्या आमच्या संयुक्त अहवालात 'पर्यटनक्षमता' म्हणून मोजलेली आहे.

तू दुबईला जाणार असं ऑफिसातून कळलं. तिथल्या परिषदेत आपला अहवाल तू मांडणार. छान. माझं नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, तेही चालेल. फक्त जाण्याआधी इकडून जा. विमान अल्माटीवरूनही जातं. अपा तुला काही बोलणार नाही. ती फक्त बघेल आणि काझी पुढे करेल. मी स्वयंपाकघरात बसून राहीन, तुला माझं तोंडही दिसणार नाही.

कुल्याश

अल्माटी, ९ जानेवारी

साकेन,

अपा फार आजारी आहे. ताबडतोब ये.

कु.

अल्माटी, १५ जानेवारी

साकेन,

तू माणूस आहेस की दगड?

नऊ तारखेची चिठ्ठी गाडीने गेली. अकराला झादिराने ती फोनवरून तुला दुबईत वाचून दाखवली, हे तिनेच मला सांगितलं. बाराला मी तिला विचारलं, "निघाला का तो?" ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, त्यांना कळलंय सगळं. ते आता येऊन काय करणार? तुम्ही मनाने खंबीर राहा." घरात आजारी माणूस आहे, पाणी मागतंय, मुलाचं नाव घेतंय, आणि सून मला खंबीर राहायला सांगते! एवढी माया तुम्हा दोघांना अस्तानात कोण शिकवतं? मी फोन ठेवून दिला.

अपाला मी सांगितलं, तो निघालाय. दुसरं काय सांगणार होते?

तेव्हापासून तिला जरा तरतरी आली आहे. परवा म्हणाली, फ्रीझरमधलं काढ, वितळायला वेळ लागतो. काल शिजवायला लावलं. भिंतीला टेकून बसली आणि मला सूचना देत राहिली, पाणी कमी, आच मंद, झाकण तिरकं. वास घरभर पसरला तेव्हा डोळे मिटून म्हणाली, "आता कोपऱ्यावरून वास येईल त्याला." ताट दारासमोर मांडायला लावलं. दाराची कडी काढून ठेवायला लावली. बाहेर एवढी थंडी, धूर, आणि आमचं दार उघडं. मी शाल आणली तर ओरडली, "दार लोटू नकोस, त्याला वाटेल झोपलो."

दोनदा गरम केलं. नंतर मी म्हटलं, अपा, तू दोन घास खा. "त्याचा वाटा मी कशी खाऊ?" शेवटी निवलेलं काझी पुन्हा कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवून दिलं. आज सकाळी परत विचारलं, आज बाहेर काढायचं का.

ती तुझ्यावर रागावत नाही, याचाच मला जास्त राग येतो. काल तुझी सभागृहातली नक्कल करून दाखवली तिने. धाप लागत होती तरी केली. "आदरणीय नागरिक," म्हणाली, आणि एवढी खोकली की मला वाटलं संपलं.

हे पत्र गाडीवर द्यायला मी कोट चढवला, तर तिने थांबवलं. "कशाला? तो वाटेत असेल. पत्र तिकडे जाईल आणि तो इकडे येईल." बरं. तिचं ऐकते. उशीखाली ठेवते.

कु.

अल्माटी, २६ जानेवारी

साकेन,

अहवालाबद्दल. हवेची ओळ परिशिष्टात टाक. मला वाद घालायचा नाही. 'निराशेचा सूर' जिथे जिथे आहे ती वाक्यंही काढ, तुझ्या मनाप्रमाणे लिही, माझी सही आहे असं समज. तुझं दुबईतलं भाषण चांगलं झालं असं इथे वर्तमानपत्रात आलंय. अल्माटी वरच्या गटात धरली गेली म्हणे. अभिनंदन.

ओराझबाय कोके माझ्या शेजारी बसले आहेत. मी काय लिहिते ते वाचून मगच पाकीट बंद करू देणार आहेत, म्हणून घरचं थोडक्यात लिहिते. घरात माणसं आहेत. चहा सारखा चुलीवर आहे. गल्लीतल्या बायकांनी मला काम करू दिलेलं नाही.

अपाचा खोकला थांबलाय.

रस्ते मोकळे झाले आणि त्यांचे पाय साथ देऊ लागले, की कोके तुला भेटायला येतील. तोवर तब्येतीला जप.

कुल्याश

अल्माटी, ४ मार्च

साकेन,

कोके तुला ऐकवून आले, म्हणजे आता मला मोकळेपणाने लिहायची मुभा. मोकळेपणाने लिहावं असं मात्र काही उरलेलं नाही.

काल कोके सगळं बोलले. म्हणाले, या गुडघ्यांनी दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन, रात्रभर गाडीत शब्द जुळवत गेलो. आईची बातमी मुलाला कशी सांगायची, आधी कुठली गोष्ट काढायची, कुठे थांबायचं, हे तिघांनी वाटून घेतलं होतं. आणि घंटी वाजवायच्या आधीच तू दार उघडलंस. सतरंजी अंथरलेली. झादिराने तेलात तळलेल्या पोळ्यांची थाळी पुढे ठेवली, गेलेल्या माणसासाठी शुक्रवारी तळतात तशा, सात. आणि तू म्हणालास, "मला माहीत आहे, कोके. केव्हापासून तुमची वाट बघतोय."

पुढे तूच त्यांना विचारलंस, "इतका उशीर का केलात? मला वाळीत टाकलंत का?" कोके म्हणाले, "आम्ही कशाला टाकू? तू स्वतःच जाऊन बसलायस."

मला हेच कळत नाही, साकेन. तुला बोलावलं. तू आला नाहीस. अपा गेल्यावर कोकेंनी स्वतः झादिराला फोन केला, त्याला पाठव म्हणून, ती म्हणाली, "त्यांना केव्हाच कळलंय, कोके." एका मुलाची वाट बघायची म्हणून मौलवींना थांबवून ठेवलं होतं, त्यांना त्यानंतर थांबवलं नाही. माती तुझ्याऐवजी समोरच्या झेकेन आजोबांच्या मुलाने लोटली. आणि मग तू तिकडे घरात बसून दर शुक्रवारी पोळ्या तळतोस! जिवंत आईसाठी विमान मिळालं नाही, मेलेल्या आईसाठी तेल मिळालं.

कोकेंना तू म्हणालास म्हणे, की कबरीचा दगड मला करू द्या, एवढं तरी ठेवा मुलाला. त्यांनी हो म्हटलं. ते म्हातारे आहेत, विरघळतात. मी नाही म्हटलं असतं.

अहवालाची छापील प्रत मिळाली. कागद फार सुरेख आहे. हवा शेवटून दुसऱ्या पानावर सापडली.

कु.

अल्माटी, १८ मे

साकेन,

तुझा दगड आला. काळा, गुळगुळीत, अस्तानातल्या इमारतींना लावतात तसला. बरोबर तुझी एक ओळही नव्हती. ट्रकवाल्याने कबरस्तानाच्या फाटकाशी उतरवला तेव्हा कोके, मी आणि दगड कोरणारा तुर्सिन असे तिघंच होतो. गोणपाट काढलं. अपाचं नाव, जन्माचं साल, आणि खाली मरणाची तारीख, ११ जानेवारी.

कोके म्हणाले, "चुकून पडली असेल. अपा गेली वीसला."

मी खाली बसले, दगडाच्या कडेवरच. अकरा तारीख मला पाठ होती. त्या दिवशी झादिराने तुला माझी चिठ्ठी वाचून दाखवली होती.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तिचं रडणं. "ते आता येऊन काय करणार." "खंबीर राहा." दर शुक्रवारच्या पोळ्या. "केव्हापासून वाट बघतोय." तू ऐकलंस 'फार आजारी आहे, ये', आणि आपल्यातला कुणीही समजला असता तेच समजलास. अपा गेली. मातीही झाली असणार, उशिरा पोचून उपयोग नाही. वडीलधारे येऊन ऐकवेपर्यंत आपणहून तोंड दाखवायचं नाही. आणि कुणी आलंच नाही, तेव्हा वाटलं असेल, नातलगांनी ऐकवण्याच्याही लायकीचं ठेवलं नाही. मी खरं लिहिलं होतं रे. आपल्या माणसांत खरं लिहिण्याची सोयच नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. अपा तर ते तापाचं हसत हसत आधीच सांगून बसली होती.

कोकेंना मी फाटकाशीच सगळं सांगितलं. ते बराच वेळ काठीने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "तारीख राहू दे. कुणाला कळतंय? पोराला कळलं तर तो जगायचा नाही. दगड आहे तसाच उभा करू, आणि तू तोंड शिवून घे." तुर्सिननेही मान डोलवली. "ताई, मधल्या थोड्या दिवसांनी काय फरक पडतो? वर्षाचं जेवण त्याच महिन्यात येणार."

खरं सांगते, मी हो म्हटलं होतं. दोन दिवस मी या गोष्टीवर हो म्हणत राहिले. तुझ्यावरचा राग एका क्षणात कुठे गेला तेच कळलं नाही. त्या जागी काहीच आलं नाही, नुसती पोकळी. घरी येऊन आवराआवर केली. गल्लीला नोटीस लागली आहे, पुढच्या उन्हाळ्यात 'पूर्वद्वारा'चं काम सुरू. नवव्या मजल्यावरचं घर मिळणार आहे, गॅससकट. अपाची गादी उन्हात टाकायला उचलली, तेव्हा उशीखाली पंधरा तारखेचं पत्र होतं. तिने तुला पाठवू दिलं नव्हतं ते.

ते मी पुन्हा वाचलं आणि माझं मत बदललं.

साकेन, तुझ्या दगडाप्रमाणे अपा अकरा तारखेला मेली. मग काझी शिजवायला कोण बसलं होतं? आच मंद कर म्हणून कोण ओरडलं? दाराची कडी कुणी काढायला लावली, तुझी नक्कल कुणी केली? ते दिवस तिने जगून काढले, त्या जुन्या छातीच्या जोरावर, दाराकडे तोंड करून. तिच्या सगळ्या आयुष्यातले सर्वात कष्टाचे दिवस ते, आणि ते तुझ्यासाठी होते. तुला सोपं जावं म्हणून मी ते पुसून टाकू? हवेची ओळ तू परिशिष्टात टाकलीस, मी सही दिली. तेव्हा अपाला माती देऊन आठवडाही झाला नव्हता, माझ्या अंगात त्राण नव्हतं. हे दिवस मात्र मी परिशिष्टात टाकू देणार नाही. कोकेंनाही नाही, तुलाही नाही.

तुला याने काय होईल ते मला ठाऊक आहे. तू येऊ शकला असतास. पुरेसा वेळ होता, ती जागी होती, ओळखत होती. हे वाक्य लिहिताना मी तीनदा उठले. कुणी तुझ्याजवळ बसून हे ऐकवायला हवं होतं, रीतीप्रमाणे, आधी दुसऱ्याच गोष्टी काढून. पण कोके जायला तयार नाहीत आणि मला तुझ्यासमोर बसून हे बोलता येणार नाही. म्हणून कागदावर. पंधराचं पत्र सोबत ठेवते आहे. आधी झादिराला जवळ बसव, मगच वाच.

आज तुर्सिनला तारीख बदलायला सांगितली. तो कुरकुरला. म्हणाला, काळा दगड असा सहज पुसत नाही, जुने आकडे खरवडावे लागतील, तिथे खोलगट होईल, आणि वीस त्या खळग्यात कोरावे लागतील. लांबून दिसायचं नाही म्हणाला, पण हात फिरवला तर बोटांना लागेल.

मी म्हटलं, असू दे.

तुझं काझी मी नव्या घरी बरोबर नेईन. येशील तेव्हा आधी कबरस्तानात जा, आणि दगडावर हात फिरव.

कुल्याश